पूल, सायकल ट्रॅक की फूटपाथ? तालुक्याच्या गावाने मुंबईकडून काय घ्यावं, काय घेऊ नये

मामेभाऊ नगरसेवक आहे, त्याच्या नगरपरिषदेत "पादचारी व सायकलस्वारांसाठी सुविधा" असा विषय आलाय आणि यादीत तीन कामं आहेत: एसटी स्टँडसमोर पादचारी पूल, कॉलेज रोडला सायकल ट्रॅक आणि बाजारपेठेत फूटपाथ. तिन्ही होतील एवढा निधी नाही. मुंबईत हे तिन्ही प्रकार करून झालेत, आणि आम्ही ते रोज पायाने तपासतोय, त्यामुळे अशाच पेचात असलेल्या बाकीच्या गावांसाठीही लिहितोय.

पूल सरळ बाद करा. दिसतो छान, उद्घाटनाचा फोटो भारी येतो, पण खालून वाहनं जायला साडेपाच मीटर उंची सोडावी लागते, म्हणजे चाळीसेक पायऱ्या चढा आणि तेवढ्याच उतरा, आणि हे कशासाठी तर समोरच्या टपरीवर जायला! मुंबईतला पहिला स्कायवॉक, म्हणजे रस्त्याच्या वरून जाणारा लांब पादचारी पूल, २००८ मध्ये बांद्रा पूर्वेला झाला, मग एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) एकामागून एक बांधले. त्यातले जे चालतात ते स्टेशनला जोडलेत म्हणून चालतात, कारण लोक रेल्वेच्या पुलावर आधीच चढलेले असतात, नुसतं पुढे चालत राहायचं असतं. एसटीतून उतरलेला माणूस जमिनीवरच असतो, हातात पिशव्या, कडेवर पोर, तो कशाला वर चढेल? शिवाय लोखंड गंजतं. बांद्र्याचाच स्कायवॉक दहा-अकरा वर्षांत धोकादायक म्हणून बंद करावा लागला आणि पाडून नवा बांधायला घेतला, हा खर्च नगरपरिषदेला झेपणार आहे का?

सायकल ट्रॅकचं जरा वेगळं आहे, तिथे मन दोन्हीकडे जातं. बीकेसीत, म्हणजे बांद्रा-कुर्ला संकुल या ऑफिसांच्या भागात, २०११ च्या सुमारास ट्रॅक झाला. बघायला जावं तर त्यावर गाड्या उभ्या, एखादा ड्रायव्हर सीट मागे टाकून झोपलेला, आणि सायकलवाला आपला भर रस्त्यात बसच्या मागे. आत ट्रॅक होता पण कुर्ला किंवा बांद्रा स्टेशनवरून तिथवर सायकलने यायचं म्हटलं तर नेहमीच्याच ट्रॅफिकमधून या, मग येणार कोण. शेवटी २०२५ मध्ये एमएमआरडीएने तो काढून गाड्यांसाठी लेन वाढवायचं ठरवलं. आता यावरून कुणी म्हणेल सायकल ट्रॅक म्हणजे पैसे पाण्यात, तर तसंही नाही. गावात सायकल शौकाची नसते. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात ज्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात तिथे शाळेच्या वेळेला रस्त्यावर उभं राहून बघा, आणि एमआयडीसीच्या शिफ्टला जाणारे, दूधवाले वेगळेच. म्हणजे चालवणारे आहेत, प्रश्न जागेचा आहे. एका बाजूचा ट्रॅक धड करायचा तर दोन मीटर तरी लागतात, दोन्ही बाजूंना चार, आणि बाजारपेठेतला रस्ता मुळात असतो केवढा? तिथे पांढरा पट्टा मारून सायकलचं चित्र काढलं की संध्याकाळपर्यंत त्यावर भाजीची गाडी लागलीच म्हणून समजा. उलट गावाबाहेर राज्य महामार्गाने कॉलेजला किंवा एमआयडीसीला जायचं असेल, बाजूने उसाचे ट्रॅक्टर आणि डंपर जात असतील, तर तिथे वेगळा, कठडा असलेला ट्रॅक खरंच हवा. मामेभावाचा कॉलेज रोड तसा आहे, म्हणून ते काम मी दुसऱ्या नंबरवर ठेवलं.

पहिला नंबर फूटपाथला, पण मुंबईसारखा नको. दादर-गिरगावात चालून बघा, फूटपाथ कुठे वीतभर तर कुठे गुडघ्याएवढा उंच, प्रत्येक सोसायटीच्या गेटला तुटलेला, म्हणजे पन्नास पावलांत तीनदा उतरा-चढा, मध्येच विजेचा डीपी, मध्येच झाड. मग सत्तरीच्या आजी फूटपाथ सोडून त्याच्या कडेने रस्त्यावरून चालतात, आणि त्यांचं बरोबर आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, दुकानांच्या भागात त्याहून जास्त. गेटपाशी फूटपाथ खाली आणायचा नाही, गाडीने चढून जायचं. एवढं एक जरी अंदाजपत्रकाच्या ड्रॉइंगमध्ये नीट घातलं तरी निम्मं काम झालं.

पेव्हर ब्लॉक की काँक्रीट, यावर सभेत तास जाईल. पेव्हर खोदकामानंतर परत बसवता येतात हे खरं, पण खाली नीट दाबलं नाही की खचतात, आणि नीट कुणी दाबत नाही. मुंबई महापालिकाही म्हणूनच काँक्रीटकडे वळली. गावात फूटपाथ बहुतेक गटारावरच असतो, त्यामुळे माझं मत काँक्रीट, आणि साफसफाईला उचलता येतील अशी झाकणं.

यादीत नसलेलं पण सगळ्यात स्वस्त काम म्हणजे उंचवट्याचं क्रॉसिंग, फूटपाथच्याच उंचीला रस्ता उचलायचा. माणूस सपाट चालतो, गाडी आपोआप मंद होते. ताशी तीसने धडक बसली तर माणूस बहुतेक वेळा वाचतो, पन्नासला ती शक्यता झपाट्याने घसरते, म्हणून स्टँड, शाळा आणि ग्रामीण रुग्णालय या तीन ठिकाणी हे आधी करा. पुलाचं कामही यातच भागतं. आणि गावातल्या गाड्या हळू झाल्या की आतल्या रस्त्यांवर सायकलला वेगळा ट्रॅकही लागत नाही.

विरोध व्यापाऱ्यांचा होणार, "पार्किंग गेलं तर गिऱ्हाईक जाईल." वाद घालत बसू नका, बाजाराच्या दिवशी दोरी आणि ड्रम लावून तेवढी जागा अडवून दाखवा, लोक कुठून चालतात ते दुकानदारच बघतील. फेरीवाल्यांना हाकलू पण नका, २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना जागा द्यावीच लागते, चालायची पट्टी सोडून मागे रेषा आखून द्या. कुणी "फूटपाथ म्हणजे चैन" म्हणालाच तर मे २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश दाखवा, चालण्याजोगा फूटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं त्यात म्हटलंय.

निविदा काढण्याआधी मात्र पाणीपुरवठा आणि महावितरणच्या माणसांना एकत्र बसवून त्यांचं खोदकाम कधी आहे ते लेखी घ्या. ज्या गल्लीत पुढच्या वर्षी पाइपलाइन बदलायचीये तिथला फूटपाथ यादीच्या शेवटी टाका आणि ते पैसे आधी क्रॉसिंगला वळवा.