स्कॉटलंडच्या चर्चच्या वह्यांतून सासरची वंशावळ: काही महिन्यांचा अनुभव

माझं सासर स्कॉटलंडच्या फाइफ भागातल्या डनफर्मलिनचं. नवऱ्याचे पूर्वज तिथे हातमागावर लिनन विणत. मुलीला दोन्ही घरांची मुळं माहीत असावीत म्हणून ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडलं आणि गेले कित्येक महिने ते वापरते आहे. पैसे वसूल होतात. पण नुसतं नाव टाकून शोधण्यावर थांबलात, तर घराण्यातली बरीच माणसं सापडायची राहून जातील.

व्यवहार सोपा आहे. सूचीत शोधणं फुकट, मूळ पान उघडायला सहा क्रेडिट, म्हणजे दीड पाउंड. जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंदणी 1 जानेवारी 1855 ला सक्तीची झाली. त्याआधीचा भार चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पॅरिश-वह्यांवर (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा गावभाग). त्यांतली सर्वांत जुनी एरोल गावची, 1553 ची. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी 1855 धरून मागे जावं. त्या एका वर्षी जन्माच्या नोंदीत आईवडिलांची वयं, जन्मगावं, लग्न कुठे नि कधी झालं, आधीची मुलं किती, हे सगळं लिहून घेतलं. पुढच्याच वर्षी त्यातलं बरंच गाळलं.

मृत्यूच्या नोंदी तर खजिनाच. गेलेल्या माणसाच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही असतं. त्यामुळे 1855 नंतर वारलेल्या एखाद्या म्हातारीच्या नोंदीवरून थेट अठराव्या शतकात पोचता येतं. आपल्याकडच्या वंशावळींत लेकी-सुना बहुधा गाळलेल्याच असतात. इथे त्या माहेरच्या नावानिशी भेटत गेल्या, याचा मला फार आनंद आहे.

पॅरिशच्या वह्या मात्र सरसकट विश्वासाच्या नाहीत. त्या सेशन क्लार्क, म्हणजे चर्चच्या पंचायतीचा कारकून लिहायचा, अनेकदा तो गावचा शाळामास्तरच असे. कुणी आईचं नाव लिही, कुणी फक्त बापाचं. 1783 ते 1794 या काळात दर नोंदीवर तीन पेनी कर होता, त्यामुळे कित्येकांनी नोंदच केली नाही. लग्नाच्या वहीत पुष्कळदा लग्न ठरल्याची चर्चमधली घोषणाच लिहिलेली असते. तेवढ्यावरून लग्न लागलंच असं धरू नये. वधू-वर वेगवेगळ्या पॅरिशचे असतील तर दोन्हीकडच्या वह्या पाहाव्यात, एकीत जास्त तपशील निघतो. दफनाच्या नोंदी अनेक ठिकाणी नाहीतच. आहेत तिथे बऱ्याचदा शवावर पांघरायच्या कापडाच्या भाड्याचा हिशोब असतो.

डनफर्मलिनची वही 1561 पासूनची. तरी सासरच्या एका जोडप्याचं लग्न मिळालं आणि मुलं एकही नाही. कारण गावच्या इतिहासात होतं. 1733 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमधून सिसेशनवाले हा गट फुटून वेगळा झाला, आणि डनफर्मलिनचा मिनिस्टर (चर्चचा धर्मोपदेशक) राल्फ अर्स्किन 1737 मध्ये त्यांना जाऊन मिळाला. त्याच्या मागे गेलेल्या घरांतल्या मुलांचे बाप्तिस्मे त्याच मंडळीत होणार! याच संकेतस्थळावर इतर चर्चच्या नोंदींचा वेगळा विभाग आहे, तिथे दोन भावंडं सापडली. पॅरिशच्या वहीत नाव नाही म्हणून त्या गावात माणूसच नव्हता, असं कृपा करून समजू नका.

मला सर्वांत मोलाच्या वाटल्या त्या कर्क सेशनच्या वह्या. कर्क सेशन म्हणजे मिनिस्टर आणि एल्डर, म्हणजे चर्चची वडीलधारी मंडळी, यांची पंचायत. 2021 पासून या वह्यांची पानं खातं उघडून फुकट वाचता येतात. बहुतेक खंडांना नावांची सूची नाही, पान पान चाळावं लागतं, पण एवढा वेळ द्याच. लग्नाआधी दिवस गेलेल्या बाईला पंचायतीपुढे उभं करून बापाचं नाव विचारत. वाचताना जीव कळवळतो. पण बाप्तिस्म्याच्या नोंदीत जे नाव नसतं, ते कधी कधी इथेच मिळतं. गरीब विधवेला दिलेली मदत, गाव सोडून जाणाऱ्याला दिलेला वर्तणुकीचा दाखला, असं रोजचं जगणं या पानांत आहे. सतराव्या शतकातलं अक्षराचं वळण जड जातं, अठराव्यातलं सरावाने वाचता येतं.

सध्या शेजारच्या कार्नॉक पॅरिशच्या वह्या वाचते आहे. तिथला मिनिस्टर टॉमस गिलेस्पी याला 1752 मध्ये पदावरून काढलं, मग तो डनफर्मलिनमध्ये उपदेश करू लागला, आणि 1761 मध्ये त्याने इतरांसह रिलीफ चर्च हा आणखी एक वेगळा पंथ उभा केला. सासरची एक शाखा त्याच्याबरोबर गेली असावी असा माझा कयास आहे.