स्वतःचे टॉवर की भाड्याचे?

मोबाइल कंपन्या दोन प्रकारच्या. एक, जिचे टॉवर आणि स्पेक्ट्रम (सिग्नल वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरींचे पट्टे) स्वतःचे. दुसरी व्हर्च्युअल ऑपरेटर, म्हणजे एमव्हीएनओ. ही पहिलीकडून नेटवर्क घाऊक दराने घेते आणि आपल्या नावाचं सिम विकते. टॉवर उभारायचा खर्च नाही, दुकानं कमी, म्हणून प्लॅन स्वस्त.

टॉवर तेच, मग रेंजही तीच ना? बहुतेक ठिकाणी हो. खरा फरक गर्दीत कळतो. टॉवरवर ताण आला की मूळ कंपनी अनेकदा आपल्या ग्राहकांचा डेटा आधी पुढे काढते आणि भाडेकरूचे ग्राहक मागे राहतात. स्टेडियममध्ये फोनवर ५जी दिसत असतं, पान मात्र उघडत नाही. घरी वाय-फाय असेल तर हे फारसं जाणवणारही नाही. परदेशी रोमिंगमध्ये मोठी कंपनी सहसा सरस.

माझं मत? डेटा बेताचा लागत असेल तर भाडेकरूच घ्या. फक्त मुदत नीट पाहा. प्लॅन २८ दिवसांचा असेल तर वर्षाला १२ नव्हे, १३ वेळा पैसे जातात. आणि नंबर पोर्ट होईपर्यंत जुनं सिम बंद करू नका, नाहीतर नंबरच हातचा जायचा.