बिलात ‘चेंबर अ‍ॅडजस्ट’, गाडीखाली हातोड्याचे घाव

महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप. तिच्यात २५२३ सीसीचं टर्बो डीआय इंजिन चढवायचं काम कोल्हापुरातल्या एका गॅरेजला दिलं होतं. इंजिन मालकाचं, मजुरी ८५ हजार ठरलेली. गाडी हातात येईपर्यंत मजुरी १ लाख १२ हजारांवर गेली. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून परत येताना चढालाच ऑइलचा लाल दिवा लागला. उद्यमनगरात गाडी रॅम्पवर घेतल्यावर वरच्या २७ हजारांत काय केलं होतं ते दिसलं.

फसवणुकीची सुरुवात एका फोटोपासून झाली. ‘इंजिन बसलं’ म्हणून मोबाइलवर फोटो आला आणि त्यावर दुसरा हप्ता गेला. फोटो वरून काढलेला होता. त्यात इंजिन चेनब्लॉकला टांगलेलं होतं आणि साखळी फ्रेमबाहेर ठेवली होती. फाउंडेशन, म्हणजे इंजिन चेसीवर ज्यावर बसतं ते आधार, अजून बनलेलंच नव्हतं. म्हणून फोटो घ्यायचा तो खालून घ्या. चारही फाउंडेशनचे बोल्ट आवळलेले आणि चेनब्लॉक सुटलेला दिसला तरच इंजिन बसलं समजा. ‘बसतंय की मालक, टेन्शन घेऊ नगासा’ या शब्दावर हप्ता सोडू नका.

बिलातल्या वाढीव ओळी अशा: क्रॉसमेंबर (चेसीच्या दोन बाजू जोडणारा आडवा तुकडा) मॉडिफाय ७,५००, चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) अ‍ॅडजस्ट ४,५००, फॅन किट ८,०००, फाउंडेशन सेटिंग ५,५००, बॉनेट सेटिंग १,५००. पाचही कामं एकाच अडचणीची आहेत: इंजिनाला जागा पुरत नव्हती, आणि हे पहिल्या दिवशी टेप लावला असता तर कळलं असतं.

सगळ्यात घातक काम चेंबरचं. गाडी उभी असताना चेंबर आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरच्या डिफरन्शियलच्या गोळ्यात दोन बोटं जागा दिसते, ती बघून मालकाचं समाधान होतं. पण खड्ड्यात स्प्रिंगचे पाटे दबले की गोळा वर येतो. खरं माप घ्यायचं तर चेसी घोडीवर (स्टँडवर) ठेवून पुढचा अ‍ॅक्सल जॅकने, तो चेसीला आपटू नये म्हणून लावलेलं स्टॉपर रबर दबेपर्यंत उचलायचा, आणि त्या स्थितीत किमान २५ मिमी मोकळं राहिलं पाहिजे. इथे ते राहत नव्हतं, म्हणून चेंबरचा तळ हातोड्याने आत ठोकला. तळ वर आला, पंपासाठी तेल ओढणारी जाळी त्याला टेकली. डिपस्टिकवरची खूण मात्र जुनीच, त्यामुळे कमी तेलातही ती ‘फुल्ल’ दाखवत होती. तेल काढून मोजलं तर मॅन्युअलच्या मापापेक्षा सव्वा लिटर कमी भरलं. चढाला तेवढंही तेल मागे सरकलं, जाळी हवा ओढू लागली. अशा वेळी आधी टर्बोचं बेअरिंग जातं, मग क्रँकची.

ही पकड कोणालाही जमते: गाडी ताब्यात घेताना तेल पूर्ण काढा, मापाच्या कॅनमध्ये मोजा, परत भरा.

चेंबर उथळ करावाच लागतो, पण तो कापून. तळ वर घेतला तेवढी जागा बाजूला रुंदी वाढवून परत द्यायची, आत आडवी पट्टी लावायची म्हणजे तेल उसळत नाही, आणि जाळी नवीन तळापासून ६ ते १० मिमी उचलून घ्यायची. नंतर वेल्डवर बाहेरून चुना लावून वाळवायचा, आत रॉकेल ओतून तासभर ठेवायचं. झिरपलं तर पांढऱ्यावर काळपट डाग उमटतो. कोल्हापुरात फाउंड्रीतल्या माणसाला ही चाचणी नवी नाही, त्यामुळे ‘इथं असलं करत नाहीत’ हे उत्तर मान्य करू नका.

क्रॉसमेंबर गॅसने अर्धा कापून तसाच सोडला होता. तो चेसीला पिळण्यापासून धरून ठेवतो. नवा, खाली वळसा घेतलेला आणि बोल्टने सुटणारा मेंबर आधी बसवायचा, जुना नंतर कापायचा. फाउंडेशनमधलं रबर काढून लोखंडी ठोकळे घातले होते. इंजिन हलत नाही म्हणून कुठे घासत नाही, इतकाच त्याचा उपयोग. पण सगळा थरकाप चेसीच्या वेल्डमध्ये उतरतो आणि तडे जातात.

फॅन किट म्हणजे मूळ फॅन आणि त्याच्याभोवतीचं काउल (हवा वळवणारं कडं) काढून लावलेला छोटा इलेक्ट्रिक फॅन. रबरावरचं इंजिन ब्रेक मारला की पुढे झेपावतं, म्हणून मूळ फॅन आणि रेडिएटरमध्ये २० ते २५ मिमी हवेत. ते मिळत नसेल तर रेडिएटर पुढे सरकवायचा. काउल टाकून दिलं की घाटात गाडी तापणारच. बॉनेट सेटिंग म्हणजे बिजागऱ्यांखाली वॉशर.

बॉनेटची जागा तपासायला घरची कणीक पुरते. घट्ट मळलेल्या कणकेचे लिंबाएवढे गोळे टर्बोच्या पाइपवर आणि इंजिनाच्या उंच भागांवर ठेवा, बॉनेट लावा, उघडा, चपट्या झालेल्या गोळ्याची जाडी व्हर्नियरने मोजा. १५ मिमीच्या खाली आली तर जोर लावल्यावर पाइप बॉनेटला लागणार. हे इंजिन थंड असतानाच करा. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून रॉड मेनिफोल्डला घासतो का बघा. ब्रेकचा पाइप आणि वायरिंग टर्बोपासून ५० मिमी लांब हवं, मधे पत्र्याचा आडोसा हवा.

‘आरटीओचं आमच्यावर सोडा’ असंही सांगितलं होतं. काहीच झालं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि कलम १८२अ(४) खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, हे मालकाला आहे, गॅरेजला नाही. एमएच ०९ च्या, म्हणजे कोल्हापूर आरटीओच्या कार्यालयात आधी स्वतः विचारा, मग इंजिन विकत घ्या.

काम देताना कागदावर वरची मापं मिमीमध्ये लिहून सही घ्या, आणि शेवटचे ३० टक्के घाटाची फेरी करून परत मोजल्यावरच द्या. जुना फॅन, काउल, स्टॉपर रबर परत मागा. चेसीचा कापलेला तुकडासुद्धा मागा: किती आणि कुठून कापलं ते त्या तुकड्यावरूनच कळतं.