कर्म की पूरक? आधी क्रियापद बघा

इंग्रजी वाक्यात कर्म (ऑब्जेक्ट) आणि पूरक (कॉम्प्लिमेंट, म्हणजे कर्त्याबद्दलच सांगणारा शब्द) दोन्ही क्रियापदानंतरच येतात, म्हणून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत हा घोळ कायमचा. ‘शी मेट अ डॉक्टर’मध्ये माणसं दोन, डॉक्टर हे कर्म. ‘शी बिकेम अ डॉक्टर’मध्ये माणूस एकच, डॉक्टर हे पूरक. पहिल्याचा पॅसिव्ह (कर्मणी प्रयोग) होतो, दुसऱ्याचा काही केल्या होत नाही.

खरी गंमत ‘टेस्ट’ची. ‘आय टेस्टेड द मिसळ’मध्ये मिसळ कर्म, ‘द मिसळ टेस्टेड स्पायसी’मध्ये स्पायसी पूरक, तेही मिसळीबद्दलच बोलणारं. म्हणून तिथे विशेषणच हवं, ‘स्पायसिली’ लिहिलंत की मार्क गेले.

पॅसिव्हची कसोटी माझ्या मते सर्वांत भरवशाची, पण ‘हॅव’पुढे तीही हात टेकते: ‘शी हॅज अ स्कूटर’चा पॅसिव्ह होत नाही, तरी स्कूटर कर्मच. बाई म्हणजे स्कूटर नव्हे!