शॉर्ट शिफ्टरच्या नावाखाली माझे २९,७८९ रुपये गेले. जुनी लिव्हर मागणाऱ्यापासून सावध राहा

शॉर्ट शिफ्टर म्हणजे गिअरची अशी लिव्हर (दांडी), जिने गिअर टाकताना हात कमी सरकवावा लागतो. आकडे आधी देतो, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. बुकिंगचे २,०००. उरलेले ९,४९९. 'याच्याबरोबर हे लागतंच' म्हणून गळ्यात मारलेल्या बुश किटचे (बुश म्हणजे सांध्यात बसवायची छोटी नळी) १,८५०. म्हणजे त्या माणसाच्या खात्यात गेले १३,३४९. माझी जुनी लिव्हर त्याला पाठवायचा कुरिअर ४१०, बसवायची मजुरी १,८००, भर रस्त्यात बंद पडलेली गाडी उचलून न्यायचे २,२००, कंपनीची नवी लिव्हर असेंब्ली ७,३८०, नवी केबल ३,१५०, परत मजुरी १,५००. बेरीज २९,७८९. एवढं करून गाडीत आज काय आहे? कारखान्यातून आली होती तसलीच लिव्हर. घरी मी खरा आकडा चार महिने सांगितला नव्हता. आता सांगितलाय, त्यामुळे इथे लिहायलाही हरकत नाही.

मी गाडीची शर्यत लावणारा माणूस नाही. सहा वर्षं जुनी पाच गिअरची हॅचबॅक आहे, रोज जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, त्यातले निम्मे पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्यात. वर्षभरापासून दांडी ढिली लागायची. न्यूट्रलमध्येसुद्धा लोंबकळायची. तिसरा टाकायला हात पार डॅशबोर्डपर्यंत न्यावा लागायचा आणि संध्याकाळपर्यंत खांदा भरून यायचा. दोन वेळा तिसऱ्याऐवजी पाचवा पडला. थ्रो, म्हणजे दांडी सरकते ते अंतर, कमी केला तर त्रास कमी होईल, हा विचार चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. चुकलं ते वेगळंच, आणि ते पुढे येईलच.

माणूस सापडला सोशल मीडियावर. पेजवर फोटो, व्हिडिओ, खाली 'मस्त फिटिंग भाऊ' छापाच्या पन्नासेक कमेंट. असली पेजं कशी उभी करतात ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण हा माणूस घाई करत नव्हता. फोनवर व्यवस्थित बोलायचा, दादा-दादा करायचा, गाडीचं वर्ष विचारायचा. 'स्वस्तात पाहिजे असेल तर माझ्याकडे येऊ नका' असंही म्हणाला. मी त्यालाच भुललो.

आता तो व्हिडिओ. याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण रात्री झोप मोडते ती याच्यामुळे.

व्हिडिओचे दोन भाग होते. पहिल्या भागात कंपनीची लिव्हर, शेजारी मोजपट्टी, तिसऱ्यातून चौथ्यात नॉब किती सरकतो ते दाखवलं: १४ सेंटिमीटर. दुसऱ्या भागात त्याचा शॉर्ट शिफ्टर, तीच पिवळी मोजपट्टी, ८ सेंटिमीटर. 'चाळीस टक्के कमी थ्रो, डोळ्यांनी बघा.' मी बघितलं. निदान सहा वेळा बघितलं, बायकोलाही दाखवलं. पहिल्या भागात पट्टी नॉबच्या उंचीवर धरलेली आहे आणि दुसऱ्या भागात खाली, लेदरच्या बूटला (दांडीच्या बुडाशी असलेल्या आवरणाला) टेकवून, हे मला एकदाही दिसलं नाही. कुठलीही दांडी खालच्या टोकाजवळ मोजली की कमीच सरकते, दाराची कडी आणि बिजागरीसारखं. तेच दार, तीच दांडी. लिव्हर बदललेली नसती तरी आकडा कमीच आला असता. मी बारावीपर्यंत भौतिकशास्त्र शिकलेला माणूस, दिवसभर आकड्यांचंच काम करतो, आणि तरी नजर त्या ८ वरच खिळून राहिली. पट्टी कुठे आहे तिकडे गेलीच नाही. असला व्हिडिओ समोर आला तर आकडा नंतर बघा, आधी बोट कुठे टेकवलंय ते बघा.

दुसरी खूणही समोरच होती. त्याने गाडीचं वर्ष विचारलं, मॉडेल विचारलं, पण लिव्हर केबलवर आहे की रॉडवर, हे एकदाही विचारलं नाही. इंजिन आडवं बसवलेल्या पुढच्या चाकांच्या गाड्यांत आता बहुतेक केबलच असतात, दोन: एक डावी-उजवी गल्ली निवडायला, दुसरी गिअर पुढे-मागे ढकलायला. इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, असलेल्या मागच्या चाकांच्या गाड्यांत दांडी बऱ्याचदा थेट गिअरबॉक्सवर बसते. दोन्हींचे सुटे भाग एकमेकांत जात नाहीत. बोल्टची भोकं, केबलची टोकं, दांडी ज्यावर फिरते तो खालचा गोळा, सगळंच वेगळं. जो हे न विचारता 'आपलं युनिव्हर्सल आहे दादा, सगळ्यात बसतं' म्हणतो, त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. युनिव्हर्सल नॉबसुद्धा नसतो, त्यालाही आट्यांचं माप लागतं.

खरा डाव मात्र यापुढचा.

९,४९९ भरल्यावर दोन दिवसांनी त्याचा फोन. 'दादा, एक्स्चेंज स्कीम आहे. तुमची जुनी लिव्हर पाठवा, २,५०० कॅशबॅक. बेस तोच लागतो आम्हाला.' सुट्या भागांच्या धंद्यात जुना भाग परत घेऊन पैसे कापून द्यायची पद्धत असतेच. स्टार्टर मोटर, अल्टरनेटर असेच बदलतात. म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवीन येईपर्यंत गाडी उभी राहणार होती, पण दिवाळीच्या सुट्ट्या जोडून आल्या होत्या. मी स्वतः कन्सोल उघडून असेंब्ली काढली. काढताना पाना निसटला आणि रिव्हर्सच्या उचलायच्या रिंगला उजव्या बाजूने अर्धचंद्रासारखा टवका उडाला. तेव्हा वाईट वाटलं होतं. तो टवका लक्षात ठेवा.

आठव्या दिवशी पार्सल आलं. काळ्या मॅट रंगाची लिव्हर, जड, दिसायला देखणी. बुश किट म्हणजे नायलॉनच्या नळीचे कापलेले चार तुकडे, कडेला करवतीचे दातरे तसेच. १,८५० रुपयांचे. मेस्त्रीने बसवताना कपाळाला आठी घातली, पण बोलला नाही. मीही विचारलं नाही, कारण मला लवकर चालवून बघायचं होतं.

पहिले तीन-चार दिवस मला बरं वाटलं, हे कबूल करतो. थ्रो थोडा कमी होता. पण गिअर टाकायला जोर लागायचा आणि रिव्हर्सची रिंग अडकायची. फोन केला तर म्हणाला, 'शॉर्ट शिफ्टर असाच असतो, हात बसेल.' यात अर्धं खरं आहे, म्हणूनच मी गप्प बसलो. थ्रो जेवढा कमी, तेवढा जोर जास्त, हा तरफेचा नियम आहे, त्यातून कुणाची सुटका नाही. खरोखर चाळीस टक्के थ्रो कमी केला तर जोर जवळपास दोन-तृतीयांशाने वाढतो. आणि सिंक्रोला (गिअरबॉक्सच्या आतला वेग जुळवणारा भाग) गिअर आणि शाफ्टचे वेग जुळवायला लागायचा तो वेळ लागतोच. दांडी आखूड झाली म्हणून गिअरबॉक्सची घाई होत नाही. रोज ट्रॅफिकमध्ये चालवायच्या गाडीत चाळीस टक्के हवेतच कशाला, हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. पंधरा-वीस टक्के पुष्कळ झाले.

तेराव्या दिवशी, सिग्नल सुटल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना दांडी माझ्या हातात आली. म्हणजे अक्षरशः हातात. नॉबसकट वरचा तुकडा माझ्या मुठीत, खालचा तुकडा बूटच्या आत कलंडलेला, गाडी न्यूट्रलमध्ये, मागे बस. अडकलेला गिअर सोडवायला मी आदल्या दिवशी जोर केला होता, त्यात एका केबलचं टोकही गेलं होतं, ते नंतर कळलं. मागची बस वेळेत थांबली. थांबली नसती तर हे लिहायला मी नसतो.

गॅरेजमध्ये मेस्त्रीने दोन्ही तुकडे उजेडात धरले. मोडलेल्या जागी धातू चकाकत होता तो फक्त कडेला, पातळ कंगोऱ्यासारखा. मधला सगळा भाग काळपट होता. 'वेल्ड आत शिरलेलंच नाही,' तो म्हणाला. दांडी कापून, मधले चार सेंटिमीटर काढून, वरवर टाके मारून, ग्राइंडर फिरवून रंग दिला होता. खालच्या गोळ्याला, केबलच्या बाजूला हातही लावलेला नव्हता. गोळ्यावरची २६ सेंटिमीटरची दांडी २२ केली, झाला शॉर्ट शिफ्टर. त्याने थ्रो कमी होतो पंधरा टक्के, चाळीस नव्हे. मग मेस्त्रीने असेंब्ली उलटी केली. खाली प्लॅस्टिकवर काळ्या रंगाच्या फवाऱ्याखाली कंपनीचं बारकोड स्टिकर होतं. नखाने खरवडलं तर पार्ट नंबर निघाला. माझ्याच मॉडेलचा.

म्हणजे ही दुसऱ्या कुणाची तरी 'एक्स्चेंज'मध्ये गेलेली लिव्हर होती. त्याची कापून मला विकली, माझी कापून तिसऱ्याला विकणार. माल आमचाच, पैसे आमचेच, वर कुरिअरचा खर्चही आमचाच! हे कळलं तेव्हा अंगाची लाही लाही झाली.

आणि मूळ त्रास? लिव्हर लोंबकळत होती ती केबलच्या टोकाचा बुश झिजला होता म्हणून. बुश २६० रुपयांचा. कुणी ढिल्या दांडीला कंटाळून शॉर्ट शिफ्टर शोधत असेल तर आधी बुश बघून घ्या. निम्म्या लोकांचा शोध तिथेच संपेल अशी माझी खात्री आहे.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी 'साहेब नाहीत'. दुसऱ्या दिवशी साहेब होते, ते म्हणाले, वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कुठे, हे दिवाणी प्रकरण झालं. मी मोडके तुकडे टेबलावर ठेवले. त्यांनी ते एका बाजूला सरकवले आणि मलाच विचारलं, गाडीत असले बदल करायला परवानगी घेतली होती का, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माहीत आहे का. तक्रार माझी, आणि उलटतपासणीही माझीच. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला, पोचेवर शिक्का मारायला अर्धा तास लावला, आणि म्हणाले, आरोपी दुसऱ्या राज्यातला दिसतो, बघू. पुढचे पाच हेलपाटे 'बघू' याच शब्दावर संपले. बँकेत गेलो तर तिथला अधिकारी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमच्या संमतीचा. कुरिअरवाल्याने पाठवणाऱ्याचा पत्ता द्यायला नकार दिला आणि पार्सलवर छापलेल्या पत्त्यावर नोटीस पाठवली तर ती 'अपूर्ण पत्ता' म्हणून परत आली. पेजची तक्रार केली तर उत्तर आलं की त्यात नियमांचा भंग आढळला नाही. एका माणसाने चार ठिकाणी तीच गोष्ट सांगायची, चारही ठिकाणी तो स्वतःच मूर्ख असल्यासारखं ऐकायचं, आणि चोराला मात्र एक फोनसुद्धा जायचा नाही! माझी सहा अर्ध्या दिवसांची रजा यात गेली, ती वरच्या बेरजेत धरलेली नाही.

पैसे पाठवल्यावर लगेच शंका आली तर १९३० वर त्याच तासात फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत अडवता येते ती तेवढ्यात. मी तो नंबर फिरवला तेव्हा पैसे जाऊन महिना होत आला होता, खात्यात काही उरलेलं नव्हतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मी ती केली आहे. अडचण एवढीच की नोटीस पोचवायला विक्रेत्याचा खरा पत्ता लागतो, आणि तो बिलावर असतो. मला बिल मिळालंच नव्हतं. 'बिल लावलं तर अठरा टक्के वाढतील दादा' म्हणाला आणि मी मान डोलावली. बिल मागा. त्यावर पंधरा अक्षरी जीएसटी नंबर असतो, तो सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो, नाव जुळतं का बघा. यूपीआयवर पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव दिसतं. माझ्या स्क्रीनवर दुकानाचं नाव नव्हतंच, एका भलत्याच माणसाचं होतं, आणि दुसऱ्या हप्त्याला तिसऱ्याच कुणाचं. आणि नवीन भाग बसून महिनाभर नीट चालल्याशिवाय जुनी लिव्हर हातातून सोडू नका, कितीही कॅशबॅक देवोत. माझ्याकडे जुनी असती तर ७,३८० वाचले असते.

मागच्या आठवड्यात त्याच्या पेजवर नवा फोटो आला. काळी मॅट लिव्हर, लाल कापडावर ठेवलेली, 'लास्ट पीस'. रिव्हर्सच्या रिंगवर उजव्या बाजूला अर्धचंद्रासारखा टवका आहे. रंग त्याच्यावरूनच मारलाय. मी खाली कमेंट केली, ती दहा मिनिटांत उडाली आणि मला ब्लॉक केलं. मित्राच्या खात्यावरून पाहिलं तर खाली 'बुक्ड' लिहिलेलं होतं. ज्याने ती घेतली असेल त्याच्यापर्यंत हे पोचलं तर कृपा करून गाडीत बसवू नका. नॉबच्या खाली, बूटच्या थोडं वर रंग खरवडून बघा, टाके दिसतील. मला कळवा. आयोगापुढे दोन तक्रारदार उभे राहिले तर बरं पडेल, आणि तुमची जुनी अजून तुमच्याकडे असेल तर ती पाठवू नका.