सिम ट्रॅकिंग सर्विस: दिसते गाडी, पण माग निघतो ड्रायव्हरचा

नाशिकहून कांद्याच्या गाड्या आम्ही नागपूर, रायपूर, कोलकात्याकडं लावतो, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या आमच्या नसतातच, मार्केटमधून एका खेपेपुरत्या उचललेल्या असतात. दुसऱ्याच्या गाडीत जीपीएस कोण बसवणार? म्हणून ही सिम ट्रॅकिंगची सर्विस घेतली. कंपनीचं नाव देत नाही, कारण हे विकणारे बरेच आहेत आणि मागचं तंत्र सगळ्यांचं तेच.

ड्रायव्हरचा नंबर टाकायचा, त्याला मेसेज जातो, त्यानं होकार दिला की दर तासाला त्याच्या सिमचं लोकेशन आपल्या स्क्रीनवर. स्मार्टफोन नको, नेट नको, ॲप नको, साधा बटणांचा फोन चालतो. ही खरंच मोठी सोय आहे. पार्टीचा, म्हणजे माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याचा, "गाडी कुठं पोचली" म्हणून फोन आला की झोपलेल्या ड्रायव्हरला उठवावं लागत नाही, एवढ्यासाठीच माझे निम्मे मार्क.

आता अचूकपणा. लोकेशन येतं टॉवरवरून, म्हणजे फोन कुठल्या टॉवरच्या कुठल्या बाजूच्या अँटेनाला धरून आहे त्यावरून अंदाज. शहरात टॉवर जवळजवळ असतात म्हणून पाच-सहाशे मीटरचा फरक, हायवेला गावं विरळ झाली की पिन काही किलोमीटर इकडंतिकडं जाते. मौद्याजवळ ढाब्यावर उभी असलेली गाडी आम्हाला कन्हान नदीच्या पलीकडं दिसत होती. ते चालतं, आपल्याला तालुका कळला तरी पुरे. खटकलं ते वेगळंच. साकोली-देवरीच्या जंगलपट्ट्यात रेंज गेली की सिस्टीम शेवटचं जुनं लोकेशनच दाखवत राहते आणि ते किती वाजताचं आहे हे खाली बारीक अक्षरात. आमच्या पोरानं पार्टीला सांगून टाकलं गाडी दुपारपासून उभी आहे, आणि तिकडं ड्रायव्हर बिचारा न थांबता चालवत होता! अशा वेळी फास्टॅगचा टोल कटल्याचा मेसेज जास्त खरा. ही वेळ मोठ्या अक्षरात दाखवायलाच पाहिजे.

पण माझी खरी तक्रार संमतीची आहे. गाडी खाली झाली, बिल्टीवर (मालाच्या वाहतूक-पावतीवर) सही-शिक्का झाला, भाडं चुकतं झालं, ड्रायव्हर घरी गेला, आणि आमच्या स्क्रीनवर त्याचं गाव दिसतंच आहे. सकाळी कुठं, रात्री कुठं, सगळं. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे संमतीची मुदत संपेपर्यंत चालू राहील, मध्येच बंद करायचं तर ड्रायव्हरनं अमुक नंबरवर अमुक मेसेज पाठवायचा, तोही इंग्रजीत. होकार द्यायला एक बटण आणि नकार द्यायला एवढा खटाटोप? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात तर स्पष्ट आहे की संमती मागं घेणं ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे.

हे कुणाला किरकोळ वाटत असेल तर जर्मनीतली माल्टे श्पिट्झची गोष्ट बघा. हा ग्रीन पार्टीचा नेता, त्यानं डॉइचे टेलिकॉम या फोन कंपनीकडून स्वतःच्याच मोबाईलचा सहा महिन्यांचा रेकॉर्ड मिळवला आणि 2011 मध्ये तो नकाशावर टाकून जगाला दाखवला, कुठली ट्रेन पकडली, कुठल्या शहरात झोपला, सगळं त्यात. अमेरिकेत तर मोबाईल कंपन्या ग्राहकांचं लोकेशन मधल्या दलालांना विकायच्या आणि दलाल पुढं कुणालाही, त्यासाठी 2024 मध्ये तिथल्या एफसीसीनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, एटीअँडटी, व्हेरायझन, टी-मोबाईल आणि स्प्रिंटला मिळून जवळपास 20 कोटी डॉलरचा दंड ठोकला. आपल्या इथंही मोबाईल कंपनी आणि ट्रान्सपोर्टरच्या मध्ये असाच एक तिसरा बसलेला असतो, आणि ड्रायव्हरला त्याचं नावही माहीत नसतं.

म्हणून आम्ही आता नंबर टाकतानाच मुदत हातानं भरतो, माल उतरायची तारीख अधिक एक दिवस, आणि मेसेज कशाचा आहे ते ड्रायव्हरला आधी मराठी-हिंदीत फोन करून सांगतो. मग कुणी खळखळ करत नाही. कंपनीला दोनदा लिहिलंय की पोचपावती अपलोड झाली की ट्रॅकिंग आपोआप बंद करा, उत्तर नाही. मार्केटच्या गाडीला जरूर घ्या, स्वतःच्या गाडीला जीपीएसच लावा. पाचपैकी तीन, ते आपोआप बंदचं बटण आलं तर चार देईन.