नेव्हर से नेव्हर अगेन : बाँडला दम लागतो तेव्हा

जंगलातल्या एका तळावर जेम्स बाँड शिरतो. पहारेकऱ्यांना लोळवत आत पोहोचतो, बांधून ठेवलेल्या बाईला सोडवतो आणि तीच त्याला भोसकते. हा सगळा सराव होता आणि बाँड त्यात नापास झालाय. १९८३च्या ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ची ही सुरुवात. शॉन कॉनरी १९७१च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’नंतर बारा वर्षांनी या भूमिकेत परतत होता, चित्रीकरण सुरू झालं तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. अशा पुनरागमनात नायकाची एंट्री टाळ्यांसाठी लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. इथे त्याला पहिल्याच प्रसंगात हरवलंय. चित्रपटातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच, आणि तो जिथे जिथे ही गोष्ट विसरतो तिथे तिथे घसरतो.

पुढच्याच प्रसंगात गुप्तहेर खात्याचा प्रमुख एम त्याची खरडपट्टी काढतो. एमच्या भूमिकेतला एडवर्ड फॉक्स कॉनरीपेक्षा सात वर्षांनी लहान आहे, त्यामुळे नव्या साहेबापुढे जुना माणूस उभा असल्याचं चित्र संवादाआधीच तयार होतं. हल्ली बाँडचा बराच वेळ शिकवण्यात जातो, हे एका वाक्यात कळतं. मग शरीरातली ‘विषं’ काढायला त्याची रवानगी श्रबलँड्स या आरोग्यधामात होते आणि तो बॅगेतून कॅव्हिआर, फ्वा ग्रा आणि व्होडका घेऊन जातो.

चित्रपटातली सर्वोत्तम मारामारी याच आरोग्यधामात आहे. समोर पॅट रोच, मूळचा पैलवान. बाँड ठोसे मारतो, रोचवर परिणाम शून्य. व्यायामशाळेपासून स्वयंपाकघरापर्यंत बाँड मुख्यतः मागे सरकतोय, हाताला लागेल ते फेकतोय. शेवटी प्रयोगशाळेत एका भांड्यातला द्रव तो रोचच्या तोंडावर उडवतो. रोच कळवळत मागे काचेच्या सामानावर कोसळतो आणि मरतो. भांड्यावरची चिठ्ठी नंतर दिसते: बाँडच्याच लघवीचा नमुना. विनोद चांगला आहेच, पण बांधणी त्याहून चांगली. बळ कमी पडतंय हे आधी पुरेसा वेळ दाखवलं, म्हणून युक्ती पटते. दिग्दर्शक अर्व्हिन कर्श्नरने कॅमेरा इतका दूर ठेवलाय की दोघांच्या उंचीतला आणि वजनातला फरक सतत दिसत राहावा.

त्याच वर्षी जूनमध्ये बाँडपटांच्या अधिकृत मालिकेतला (आपला चित्रपट त्या मालिकेबाहेरचा) ‘ऑक्टोपसी’ आला होता. त्यातला बाँड, रॉजर मूर, कॉनरीपेक्षा जवळपास तीन वर्षांनी मोठा, तरी तिथे वयाचा उल्लेखही जवळजवळ नाही. तिकीटबारीवर जिंकला ‘ऑक्टोपसी’च. पण म्हातारा होत चाललेला गुप्तहेर कसा लिहावा हे पाहायचं असेल तर धडा इथे आहे.

मग गोची कुठे झाली? ती कागदपत्रांत आहे. निर्माता केव्हिन मॅकक्लोरी, बाँडचा जनक इयान फ्लेमिंग आणि पटकथाकार जॅक व्हिटिंगहॅम यांनी मिळून एका बाँडपटाची पटकथा लिहिली होती. ती पडद्यावर आली नाही, तेव्हा फ्लेमिंगने तिच्यावर बेतून १९६१ साली ‘थंडरबॉल’ कादंबरी काढली. मॅकक्लोरी कोर्टात गेला. १९६३च्या तडजोडीत चित्रपटाचे हक्क त्याला मिळाले. १९६५चा ‘थंडरबॉल’ त्याने अधिकृत मालिकेच्या निर्मात्यांसोबत केला आणि पुढची दहा वर्षं दुसरी आवृत्ती काढणार नाही असं कबूल केलं. मुदत संपल्यावर त्याच्या हातात होती ती तेवढी एक गोष्ट. त्यामुळे लॉरेन्झो सेम्पल ज्युनियरच्या पटकथेला तोच सांगाडा वापरावा लागला: आरोग्यधाम, दोन अण्वस्त्रांची चोरी, खलनायकाची नौका, बहामा, शेवटी पाण्याखालची झुंज. नायकाचं वय नवं आणि कथानक अठरा वर्षांपूर्वीचं. या दोन गोष्टी पहिल्या तासात एकमेकींना धरून चालतात, नंतर सुटतात.

जिथे जुना प्रसंग खरोखर नव्याने रचलाय तिथे मजा येते. १९६५च्या पत्त्यांच्या डावाऐवजी खलनायक लार्गो ‘डॉमिनेशन’ हा व्हिडिओ गेम खेळायला लावतो. जगाचा नकाशा समोर, हरणाऱ्याला हातातल्या दांड्यांतून विजेचा झटका, आणि पैज वाढेल तसा झटकाही. आज ग्राफिक्स केविलवाणी दिसतात. प्रसंग तरी टिकतो, कारण कॅमेरा खेळापेक्षा चेहऱ्यांवर जास्त आहे. कॉनरीचा हात दांडीवरून सुटतो, तो पुन्हा धरतो. क्लाउस मारिया ब्रांडाउअरचा लार्गो तर हसरा, लहान मुलासारखा हट्टी, कधी बिथरेल याचा नेम नसलेला. डोळ्यावर पट्टी बांधून दरारा निर्माण करणाऱ्या १९६५च्या लार्गोपेक्षा हा माणूस कितीतरी धोकादायक वाटतो.

आणि बार्बरा कॅरेरा! तिची फातिमा ब्लश, खलनायकांच्या टोळीतली मारेकरी, पायऱ्या उतरते तीसुद्धा नाचत. तिच्या या कामाला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं, ते योग्यच होतं. बंदुकीच्या धाकावर ती बाँडकडून आपणच सर्वोत्तम असल्याचं लिहून मागते, तेव्हा कॉनरीला समोर खरोखर जोडीदार मिळाल्यासारखं वाटतं. पेनातल्या स्फोटकाने ती संपते आणि उरतात नुसत्या चपला. चित्रपटाची ऊर्जाही तिथेच संपते.

त्यानंतरचा उत्तर आफ्रिकेतला भाग काढून टाकला असता तरी चाललं असतं. लार्गोची प्रेयसी डॉमिनो हिला अरबांच्या लिलावात उभं करणं तेव्हाही ओंगळ होतं. किल्ल्यावरून घोड्यासकट समुद्रात उडी घेताना वयाचा प्रश्न पटकथेने कधीच सोडून दिलेला असतो. शेवटच्या पाण्याखालच्या झुंजीचं दिग्दर्शन रिकू ब्राउनिंगकडे होतं. १९६५ची पाण्याखालची दृश्यंही त्याचीच, म्हणजे कौशल्याची कमतरता नव्हती. अडचण माध्यमाची आहे. पाण्यात सगळ्यांच्याच हालचाली मंद होतात, तोंडावर मुखवटा येतो, आवाज जातो. धाप लागलेला, चाचपडणारा कॉनरी ही या चित्रपटाची खरी पुंजी, आणि कळसालाच ती झाकली गेली. मुखवट्यामागे कोणत्याही वयाचा कोणीही असू शकतो.

पार्श्वसंगीत ही दुसरी मोठी चूक. बाँडची ओळखीची धून आणि बंदुकीच्या नळीतलं सुरुवातीचं दृश्य अधिकृत निर्मात्यांकडे होतं, त्यामुळे इथे पडदाभर ००७चे आकडे आहेत. ते एक वेळ चालेल. पण मिशेल लग्राँसारख्या थोर संगीतकाराने पाठलागांना हलकं जॅझ दिलंय. पाठलागाला धोका जवळ येत असल्याची जाणीव देणारा, टप्प्याटप्प्याने चढणारा ताल लागतो. इथलं संगीत दृश्याच्या शेजारून आपल्याच नादात चालतं. सुरुवातीच्या जंगलातल्या हल्ल्यावर तर लानी हॉलचं शीर्षकगीत लावलंय, त्यामुळे तो सराव आहे हे कळायच्या आधीच ताण निघून जातो. इतक्या उत्तम लिहिलेल्या सुरुवातीचं हे नुकसान फार लागतं.

पाहायचाच असेल (आणि पाहावाच) तर ‘थंडरबॉल’ लगेच आधी लावू नका, प्रत्येक वळण आधीच कळेल. त्याऐवजी ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ पाहा. तिथला कॉनरी जाडावलेला, कंटाळलेला दिसतो. इथे तो बारा वर्षांनी मोठा असून सडपातळ आणि जागा आहे. प्रत रुंद चौकटीतलीच निवडा. छायालेखक डग्लस स्लोकोम्बने फ्रान्सच्या रिव्हिएरा किनाऱ्यावरची दृश्यं पॅनाव्हिजन या रुंद पडद्याच्या पद्धतीत टिपलीत, कडा कापलेल्या प्रतीत डॉमिनेशनच्या टेबलाची दोन टोकं एकत्र दिसत नाहीत. लांबी १३४ मिनिटं. शेवट मात्र चुकवू नका: बहामात रोवन अॅटकिन्सनचा गोंधळलेला अधिकारी नोकरीवर परत चला म्हणून गळ घालायला येतो, बाँड नाही म्हणतो आणि थेट आपल्याकडे पाहून डोळा मारतो.